खेळामागचा धंदा (भाग ६) : गेम गाजला, तरी स्टुडिओ बंद का?

मागच्या भागात आपण पाहिलं, की मोठा गेम तयार व्हायला चार-पाच वर्षं सहज जातात. तो बाजारात येईपर्यंत कमाई नसते आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावेच लागतात. या ओढाताणीला कंटाळून अनेक स्टुडिओ मोठ्या कंपनीच्या छत्राखाली जातात. तिथे पगाराची चिंता मिटायला हवी. मग विकले गेलेले इतके स्टुडिओ पुढे बंद का पडतात?

टोकियोच्या टँगो गेमवर्क्सची हकिगत पाहू. ‘रेझिडेंट ईव्हिल’चे दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी २०१० मध्ये हा स्टुडिओ काढला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या झेनिमॅक्सने तो विकत घेतला. ‘द ईव्हिल विदिन’सारखे अंगावर काटा आणणारे गेम ही त्याची ओळख. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे साडेसात अब्ज डॉलरच्या सौद्यात अख्खी झेनिमॅक्सच घेतली. तिच्यासोबत टँगोही आला.

२५ जानेवारी २०२३ रोजी टँगोने ‘हाय-फाय रश’ जाहीर केला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आणला. आधी जाहिरात नाही, गाजावाजा नाही. भयाशी याचा काहीही संबंध नव्हता. चाय नावाच्या एका बढाईखोर पोराच्या छातीत अपघाताने म्युझिक प्लेअर बसतो आणि तिथून त्याचं सगळं जग तालावर चालू लागतं. झाडं ठेक्यावर डोलतात, पाइपातली वाफ ठेक्यावर सुटते, शत्रू पाऊल टाकतात तेही ठेक्यावर. बटण ठेक्यावर दाबलं तर फटका जोरात बसतो. ताल चुकला तरी गेम खेळणाऱ्याला बाहेर फेकत नाही, कारण चायची हालचाल तो स्वतःच ठेक्यात बसवून घेतो. वाटतं तितकं हे सोपं नाही. चित्रं हलवणारे, संगीत रचणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे वर्षानुवर्षं एकत्र बसले, तरच असं काही जमतं.

गेम गाजला. ध्वनिरचनेसाठी गेम अवॉर्ड्समध्ये आणि अॅनिमेशनसाठी बाफ्टामध्ये त्याचा गौरव झाला. बाफ्टाला महिनाही उलटला नव्हता, तोच ७ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने टँगो बंद करत असल्याचं जाहीर केलं. ‘प्रे’ बनवणारा टेक्सासमधला अर्केन ऑस्टिनही बंद करत असल्याची घोषणा त्याच दिवशी झाली. दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्सच्या स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांसमोर सांगितलं, की आपल्याला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवे आहेत. ‘द व्हर्ज’ या संकेतस्थळाने हे वृत्त दिलं, तेव्हा जगभरच्या गेमरांचा संताप झाला. तो मला पूर्णपणे रास्त वाटतो.

पण संतापाच्या पलीकडे जाऊन हिशेब समजून घ्यायला हवा. ‘हाय-फाय रश’ पहिल्याच दिवसापासून ‘गेम पास’ या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी-सेवेवर होता. दरमहा वर्गणी भरणाऱ्याला तो वेगळा विकत घ्यावा लागत नव्हता. लाखो लोक खेळले, तरी त्यातले किती रुपये या गेमचे, हे मांडणं कठीण. वर्गणीदार वाढत राहतात तोवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. करोनाकाळातली भरभराट ओसरली, व्याजदर चढले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जवळपास ६९ अब्ज डॉलरला अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड घेतली. एवढा पैसा ओतल्यावर गेमच्या विभागाकडून नफ्याची अपेक्षा वाढणारच. जानेवारी २०२४ मध्ये १,९०० जणांची नोकरी गेली आणि मेमध्ये स्टुडिओंची पाळी आली.

कात्री कुणाला लावायची हे ठरवताना एक गोष्ट फार निर्णायक असते आणि तिची चर्चा क्वचितच होते. गेम पूर्ण केलेला स्टुडिओ हिशेबात सर्वांत कच्चा असतो. त्याचा आधीचा गेम तयार आहे, त्याचे हक्क मालकाकडे आहेत आणि स्टुडिओ असो वा नसो, तो विकला जाणारच आहे. पुढचा गेम म्हणजे मात्र आणखी चार वर्षांचे पगार. अर्धवट काम थांबवलं तर घातलेला पैसा बुडतो. काम संपवलेल्या लोकांना घरी पाठवलं तर कागदावर काहीच बुडत नाही.

हे आजचं नाही. सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलेली पिढी महाराष्ट्रात आज चाळिशीच्या आसपास आहे. तो गेम टेक्सासच्या एन्सेम्बल स्टुडिओचा. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये एन्सेम्बल विकत घेतला आणि २००८ मध्ये जाहीर केलं, की ‘हेलो वॉर्स’चं काम संपलं की तो बंद होईल. तिथल्या लोकांनी ते ठाऊक असूनही गेम पुरा केला. २००९ च्या सुरुवातीला तो बाजारात आला, तेव्हा एन्सेम्बल उरला नव्हता. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे नाव मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिलं आणि २०२१ चा चौथा भाग कॅनडाच्या रेलिकने बनवला.

टँगोचं नशीब जरा बरं. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘पबजी’वाल्या दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने हा स्टुडिओ आणि ‘हाय-फाय रश’चे हक्क घ्यायचं ठरवलं. ‘द ईव्हिल विदिन’ मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. ज्यांनी तो घडवला, त्यांना त्याचा पुढचा भाग करायचा तर मायक्रोसॉफ्टची परवानगी लागेल.

हीच क्राफ्टन पुण्यातही पोहोचली आहे. ‘रिअल क्रिकेट’ बनवणाऱ्या इथल्या नॉटिलस मोबाइलचा बहुसंख्य हिस्सा तिने २०२५ मध्ये घेतला. पुण्यात गेम बनवणारे किंवा बनवू पाहणारे तरुण हे वाचत असतील, तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : सौदा होताना रकमेआधी हक्कांचं कलम वाचा. नव्या मालकाने स्टुडिओ बंद केला, तर आपल्या गेमचं नाव आणि कोड आपल्याला परत विकत घेता येईल, एवढी एक ओळ करारात आग्रहाने घालून घ्या. सही झाल्यावर ती ओळ कुणीही देणार नाही.

(पुढील भागात : सर्व्हर बंद झाल्यावर आपण विकत घेतलेल्या गेमचं काय होतं?)