जुनी इटालियन मोटार : घ्यावी की न घ्यावी ?

दरसाल या स्मरणिकेसाठी लेखाची मागणी येते तेव्हा आम्ही तूर, हरभरा, बाजारातील आवक-जावक अशा आमच्या परिचयाच्या विषयांवर चार पाने लिहून देतो. यंदाचा विषय निराळा आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला व त्याने दोन महिने आमची झोप घेतली. वापरलेली इटालियन स्पोर्ट्स मोटार विकत घ्यावी की न घ्यावी, हा तो प्रश्न. वाचकांस हसू येईल. धान्याच्या पोत्यांत आयुष्य घालविलेल्या सहासष्ट वर्षांच्या मॅट्रिक शिकलेल्या गृहस्थाने अशा गाडीचा विचार करावा, याचे प्रथम आम्हांसही हसू आले. परंतु घरोघरच्या तरुण मंडळींकडून हा प्रश्न आज ना उद्या वडीलधाऱ्यांपुढे येणार आहे. म्हणून आमचा अनुभव येथे मांडीत आहो.

आमचे थोरले बंधू २००७ साली निवर्तले, तेव्हा त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा होता. दुकानातील त्याचा वाटा तेव्हापासून आमच्या हाती ठेव म्हणून राहिला. आज तो कर्तासवरता झाला आहे. ब्रह्मदेशाची तूर व उडीद यांचा व्यवहार तोच पाहतो व आमच्यापेक्षा चांगला पाहतो. एके रात्री वही मिटल्यावर तो आम्हांस म्हणाला, "काका, एक गाडी पाहिली आहे. पैसा माझ्या वाट्याचा आहे, हे खरे. पण तुम्ही 'घे' म्हणाल्याशिवाय मी घेणार नाही." त्याने हट्ट धरला असता तर आम्ही सहज नाही म्हटले असते. त्याने निर्णय आमच्या पदरात टाकला आणि आमची पंचाईत झाली.

गाडी होती लॅम्बोर्गिनी कंपनीची गॅलार्डो, एलपी ५६०-४ या नमुन्याची, २०११ सालची. यातील ५६० हा अश्वशक्तीचा आकडा व ४ म्हणजे चारही चाकांना मिळणारी गती. इंजिन आसनांच्या मागे, दहा सिलिंडरांचे, ५.२ लिटरचे. वेग ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक. किंमत एक कोटी पाच लाख रुपये.

इटालियन मोटार आमच्या घराला नवी नव्हे. १९८८ साली आमच्या बंधूंनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. तिला आम्ही सर्वजण फियाटच म्हणत असू, आणि ते योग्यच होते. कारण तिचा मूळ आराखडा इटलीतील तुरीन शहरच्या फियाट कंपनीचा. ती आपल्या देशात आणणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिली. घरची पेढी सोडून रेल्वेची कंत्राटे घेणारा हा व्यापारीपुत्र १९१९ साली सिंदिया कंपनीद्वारे जहाजांच्या धंद्यात शिरला, १९४० साली त्याने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला व पुढे मुंबईस कुर्ल्याला मोटारींचा. फियाट ११०० ही गाडी तेथे १९५४ सालापासून तयार होऊ लागली. ती पाहण्यास वालचंदशेठ राहिले नव्हते, १९५३ सालीच त्यांचे निधन झाले. पुढे १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सी.सी.चे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढे सलग बाक. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून तिने २०२३ च्या ऑक्टोबरात अखेरचा निरोप घेतला. आमच्या गाडीने त्यापूर्वीच घेतला होता. त्याविषयी पुढे लिहितो.

लॅम्बोर्गिनी हे नाव आम्ही तोवर केवळ श्रीमंती थाटाचे समजत होतो. पुतण्याने माहिती सांगितली तेव्हा आमचे मत थोडे बदलले. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा शेतकऱ्याचा मुलगा. महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, त्याने ट्रॅक्टर बांधण्याचा धंदा मांडला व त्यात उत्तम पैसा मिळविला. त्याच्या जवळच्या फेरारी मोटारीचा क्लच वारंवार बिघडे. तक्रार केली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला मोटारीतले काय कळते, असे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे. १९६३ साली त्याने सांत आगाता बोलोन्येसे या गावी स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला. त्याची रास वृषभ, म्हणून बोधचिन्ह बैलाचे; आणि गॅलार्डो हे नावही बैलांच्या एका स्पॅनिश जातीवरून घेतलेले. पोळ्याला बैल सजविणाऱ्या मुलुखातून आलेल्या आम्हांस हे ऐकून त्या गाडीविषयी किंचित आपुलकी वाटू लागली. मात्र हेही ध्यानात घ्यावे की, सत्तरीच्या दशकाच्या पूर्वार्धातच हा गृहस्थ आपले भाग विकून मोकळा झाला व द्राक्षांच्या मळ्यात जाऊन राहिला. १९९८ पासून ती कंपनी जर्मनीच्या औडीकडे आहे.

आपुलकी वेगळी व हिशेब वेगळा. आम्ही कागद घेऊन बसलो. २०२४-२५ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्या दराने एक कोटी पाच लाखांत सुमारे १,३९० क्विंटल तूर येते. दहा टनी चौदा लॉऱ्या भरतील एवढी. दुसरा हिशेब व्याजाचा. दरसाल नऊ टक्के धरले तर वर्षाला ९,४५,००० रुपये. गाडी वर्षातून दीड हजार किलोमीटर चालली, तर एकट्या व्याजापोटी प्रत्येक किलोमीटरला ६३० रुपये पडतात. विमा, टायर, तेल, दुरुस्ती यांचा अद्याप त्यात समावेश नाही. तूर विकली जाते व भांडवल फिरून घरी येते. गाडी उभी राहते व भांडवल तिच्याबरोबर उभे राहते. दुकानाच्या नावावर घेतली तरी अशा मोटारीवरील जीएसटीची वजावट धान्याच्या व्यापाऱ्यास मिळत नाही. हे सर्व आम्ही पुतण्यापुढे ठेवले. तो म्हणाला, "काका, हिशेब बरोबर आहे. मी नफ्यासाठी घेत नाही." यावर आमच्याजवळ आकड्यांत उत्तर नव्हते.

आपल्या सचिन तेंडुलकर यांची फेरारी अनेकांस आठवत असेल. २००२ साली त्यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटतर्फे त्यांना फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली. आयात शुल्कात सूट देण्यावरून एवढा गदारोळ झाला की शेवटी एक कोटीहून अधिक रकमेचे ते शुल्क कंपनीनेच भरले. २०११ साली सचिन यांनी ती विकली व सुरतच्या एका व्यापाऱ्याने घेतली. फुकट मिळालेल्या गाडीचीही किंमत कोणाला तरी द्यावीच लागते, हे यावरून दिसते.

जुनी गाडी घ्यायची तर काय पाहावे, याची चौकशी आम्ही धान्याच्या रीतीने केली. पोत्याच्या तोंडाशी नेहमीच उत्तम दाणा असतो. परखी मध्यभागी खुपसावी लागते. पहिली परखी कागदपत्रांत. गाडी परदेशातून आलेली असल्याने सीमाशुल्क भरल्याचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, पाहिलाच पाहिजे. आमच्या हैदराबादेतच आलिशान मोटारींवरील शुल्क चुकविल्याच्या आरोपावरून २०२५ साली एका विक्रेत्यास अटक झाली. ज्याचे शुल्क बुडाले आहे तो माल दारात आणून ठेवणे म्हणजे विकतचे दुखणे होय. दुसरी गोष्ट नोंदणीची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व नंतर तपासणी होऊन पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. २०११ च्या गाडीची मुदत २०२६ मध्येच संपते, हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, गाडीवर कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५, आणि परराज्यातील गाडी असल्यास तेथील ना-हरकतीचा नमुना २८ लागतो. विक्रेता जुन्या गाड्यांचा नोंदणीकृत व्यापारी असेल तर त्याच्या नफ्याच्या फरकावर २०२५ पासून १८ टक्के कर आहे. तो किमतीत धरला आहे की नाही हे आधीच विचारावे.

दुसरी परखी गाडीत. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन वर्षाचे. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. टायर न झिजताही जुना होतो व कडक पडतो. फेरारी ३६० सारख्या गाड्यांच्या इंजिनातील रबरी पट्टा गाडी चालो न चालो, काही वर्षांनी बदलावाच लागतो. गॅलार्डोच्या स्वयंचलित गिअरमध्ये क्लच किती झिजला आहे ते संगणक जोडून मोजता येते, व तो बदलण्याचा खर्च लाखांत जातो. एकंदरीत, कमी चाललेली गाडी ती चांगली, हा समज भ्रामक आहे. वखारीत पडून राहिलेल्या डाळीला काय होते हे आपणांस ठाऊक आहेच.

एका रविवारी आम्ही गाडी पाहण्यास गेलो. गाडी पिवळी, झळझळीत. आमच्या मापाने तिची उंची ज्वारीच्या दोन थप्प्यांएवढी; आत बसताना गुडघ्यांनी तक्रार केली. सोबत आणलेल्या कारागिराने संगणक जोडला, क्लच चाळीस टक्के झिजला आहे असे सांगितले, इंजिन ऐकले व मान डोलावली. पुतण्याचा चेहरा खुलला. आत अत्तराचा घमघमाट होता. नेमके तेच आम्हांस खटकले. आसन जमिनीलगत असल्याने आमचे नाक तळाच्या गालिच्याजवळ गेले होते, आणि अत्तराखालून एक वास आला. चाळीस वर्षे ज्याने पोती हुंगली आहेत त्याला तो वास झोपेतही ओळखू येईल. तो ओल लागून सुकलेल्या तागाचा वास होता.

आम्ही गालिचा उचलण्यास सांगितले. विक्रेत्याने आढेवेढे घेतले, मग उचलला. आसनाच्या रुळावर तांबूस गंज होता व कोपऱ्यात बारीक पिवळसर गाळ. "पाणी कुठवर आले होते ?" एवढेच आम्ही विचारले. २०२० च्या ऑक्टोबरात हैदराबादेत झालेला प्रलय येथील कोणी विसरलेला नाही. तो गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "तळघरात उभी होती." पुढे बोलणे उरले नाही. आम्ही त्याचे नाव येथे देत नाही. शेवटी तो खोटे बोलला नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

परतताना पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मूसी ओलांडल्यावर त्याने एकाएकी विचारले, "काका, बाबांची फियाट तुम्ही कुणाला विकली ?"

आम्हांस आठवेना. घरी येऊन २००७ ची रोकड काढली. आमच्याच अक्षरात एक ओळ सापडली : "फियाट विक्री रु. २२,०००." घेणाऱ्याचे नाव नाही. बंधू जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दुकानात तंगी होती, गाडी दारात उन्हात उभी होती, आम्ही विकून टाकली. ते शहाणपणाचेच होते. परंतु त्या बाकावर बापाच्या शेजारी बसून स्टिअरिंगजवळचा गिअर बदलायला शिकलेला अकरा वर्षांचा मुलगा घरात होता, व त्याला एका शब्दाने विचारावे हे आम्हांस सुचले नाही. तो म्हणाला, "मी शाळेतून आलो तेव्हा जागा रिकामी होती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरे वाटले असते.

त्या रात्री आम्ही त्याला 'घे' म्हणालो. ती भिजलेली गाडी नव्हे. जी त्याला पसंत पडेल व परखीला उतरेल ती. अटी तीनच घातल्या. पैसा केवळ त्याच्या शिलकी नफ्यातला असावा, खरेदीच्या भांडवलाला हात लागू नये, व गाडीवर एक रुपयाचेही कर्ज नसावे. किमतीच्या दशांशाएवढी रक्कम दरसाल दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. आणि वेग पाहायचा असेल तर १५८ किलोमीटरच्या बाह्यवळण रस्त्यावर जी १२० ची मर्यादा आहे तिच्या आत पाहावा. उस्मानगंजच्या हातगाड्यांतून त्या बैलाला नेऊ नये. तो हसला व त्याने तिन्ही अटी मान्य केल्या.

आमचे मत विचाराल तर, व्यापार म्हणून ही खरेदी तोट्याची आहे, आणि ज्याला तोटा सोसवत नाही त्याने तिच्या वाटेस जाऊ नये. परंतु आपल्या कष्टाच्या नफ्यातला काही भाग कोणी समजून उमजून आवडीसाठी खर्चील, तर हिशेबाची वही पुढे करून त्याचे तोंड बंद करणे वडीलधाऱ्यांस शोभत नाही. वही आम्हीही पुढे केली होती; तिच्यातच ती बावीस हजारांची ओळ निघाली.

शोध अद्याप चालू आहे. मध्यंतरी पुतण्याने जालन्याकडची एक जुनी पद्मिनीही पाहून ठेवली आहे. दोहोंपैकी कोणती घ्यावी, की दोन्ही घ्याव्या, याचा विचार तो करीत आहे. आम्ही त्यात बोलत नाही. गोदामाशेजारची पत्र्याची शेड मात्र आम्ही रिकामी करवून घेतली आहे, आणि पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तिची जमीन दीड फूट उंच केली आहे.