हॉट लॅबमधला दिवस

सकाळी ७. मुंबईतल्या एका रुग्णालयाचा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग. त्यातली हॉट लॅब, म्हणजे किरणोत्सर्गी औषधं बनवायची खोली. छातीशी किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज, बोटात रिंग बॅज. सर्व्हे मीटर ओट्यांवरून फिरवला, मग टेक्नेशियमच्या जनरेटरकडे वळले. एका टोकाला सलाइनची व्हायल, दुसऱ्याला निर्वात व्हायल. आतल्या मॉलिब्डेनम-९९ पासून तयार झालेलं टेक्नेशियम-९९एम काही मिनिटांत उतरतं. दिसायला निव्वळ पाणी. त्याचं अर्धायुष्य ६ तास, म्हणजे आत्ता मिळालं त्यातलं दुपारी १ ला निम्मंच उरणार. दिवसभराची घाई त्यासाठीच.

७.३०. मोलीची, म्हणजे मॉलिब्डेनमची चाचणी. एक मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम आलं, तर ते द्रावण रुग्णाला द्यायचं नाही. आज ठीक आहे.

८. सल्फर कोलॉइड. थायोसल्फेट, आम्ल आणि टेक्नेशियम एकत्र करून व्हायल उकळत्या पाण्यात ठेवली की गंधकाचे बारीक कण तयार होतात आणि टेक्नेशियम त्यांच्यातच अडकतं. नंतर गार करून बफर घालायचा. काखेतली गाठ शोधण्याच्या आजच्या कामात कणाचा आकार सगळ्यात महत्त्वाचा. मोठे कण टोचलेल्या जागीच बसून राहतात, अतिबारीक कण थेट रक्तात शिरतात. म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून २२० नॅनोमीटरच्या आतलेच कण घ्यायचे. गाळताना बरीच मात्रा वाया जाते. ती जाऊ द्यावी. इथे काटकसर नको. संशोधनात सोन्याच्या, सिलिकाच्या नॅनोकणांचा बोलबाला आहे आणि त्यांच्याकडून मलाही आशा आहे. पण आज शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या बाईच्या उपयोगी पडणार आहेत ते हे गंधकाचे कण.

८.४५. कागदी पट्टीवर थेंब टाकून शुद्धता तपासली. कोलॉइड थेंबाच्या जागीच राहतं, सुटं टेक्नेशियम वर चढतं. आज वर जवळपास काहीच नाही.

९.३०. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आज व्हायची आहे, त्या मावशी आल्या. डॉक्टरांनी स्तनाग्राभोवतीच्या त्वचेत इंजेक्शन दिलं.

"घरी गेल्यावर नातीला जवळ घेतलं तर चालेल ना गं?"

"चालेल मावशी. मात्रा अगदी थोडी आहे, आणि उद्या सकाळपर्यंत तिचा सोळावा हिस्साच उरेल."

नंतर मावशींनी इंजेक्शनची जागा पाच मिनिटं चोळली.

१०.१५. गॅमा कॅमेऱ्याच्या पडद्यावर इंजेक्शनची जागा लख्ख दिसते आणि काखेकडे एक छोटा ठिपका. तीच सेंटिनल गाठ. कर्करोग लसिकावाहिन्यांतून पसरू लागला, तर सहसा आधी याच गाठीत पोहोचतो. मार्करने त्वचेवर खूण केली.

११ ते १२. हाडांचे स्कॅन, थायरॉइडचे स्कॅन.

१२.३०. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन काखेवरून गॅमा प्रोब फिरवतात. एका जागी आवाज एकदम वाढतो. गाठ निघाली, बाहेर काढूनही प्रोब तिच्यावर वाजतोय. ती पॅथॉलॉजीकडे गेली.

१.१५. फ्रोझन सेक्शनचा, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या झटपट तपासणीचा निरोप आला: गाठीत कर्करोग नाही. काखेतल्या बाकीच्या गाठी जागच्या जागी राहिल्या. त्या सगळ्या काढल्या असत्या, तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका बराच वाढला असता.

५. सुया, सिरिंजा, हातमोजे शिशाच्या डब्यात. दहा अर्धायुष्यं, म्हणजे ६० तास गेले की हजारातला एक भाग उरतो. मग मीटरने तपासूनच बाहेर.

घरात कुणाला स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि काखेत गाठ लागत नसेल, तर शस्त्रक्रियेआधी सर्जनना जरूर विचारा: सेंटिनल नोड बायोप्सी करता येईल का?