आपटे म्हणजे कोणते आपटे?

वाचकहो, ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तकाच्या पाठीवर ‘आपटे’ एवढेच वाचून हात पुढे करू नका. पूर्ण नाव पाहा. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) आणि नारायण हरि आपटे (१८८९–१९७१) हे दोन निराळे कादंबरीकार होत. नावांची उलटापालट अशी की, पितापुत्रच वाटावेत. ते तसे नव्हते. तथापि एकाची कादंबरी दुसऱ्याच्या खात्यावर मांडण्याची चूक चांगल्या वाचकांच्या हातूनही होते. लेखकाच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे.

हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये त्यांनी यमू या बालविधवेला स्वतःची कहाणी स्वतःच सांगावयास लावली. घराघरांतून मुकाट्याने सोसले जाणारे दुःख त्यामुळे प्रथमपुरुषी बोलू लागले. माझ्या मते मराठी कादंबरीचे खरे वयात येणे ते हेच.

नारायण हरींच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये प्रभातसाठी ‘कुंकू’ चित्रपट काढला. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली तरुण मुलगी त्यात हे लग्न मानण्यास साफ नकार देते. यमूने सोसले, हिने सोसले नाही. ‘दुनिया न माने’ या हिंदी रूपाने ही नायिका महाराष्ट्राबाहेरील प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली. आणि योगायोग पाहा, तिची भूमिका केली ती शांता आपटे यांनी! लेखक आपटे, नटी आपटे. गाणीही तिच्याच गळ्यातली. करारावरून वाद होताच १९३९ मध्ये या बाईंनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण मांडले. पडद्यावरचा करारीपणा केवळ पडद्यापुरता नव्हता.

आपण महाराष्ट्रापासून दूर राहत असलात तरी एक आपटे आपल्या घरी येऊन गेलेले असण्याचा संभव आहे. मुले संस्कृत शिकत असतील तर वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश त्यांना ठाऊक असेल. तो १८९० चा. कोशकार १८९२ मध्ये, उण्यापुऱ्या चौतीस वर्षांचे असताना वारले.

राहिले क्रिकेट. येथे मात्र नाते खरे आहे, कारण माधव आणि अरविंद हे सख्खे भाऊ. थोरले माधव आपटे १९५३ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर सलामीला खेळले. पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांनी नाबाद १६३ धावा काढल्या. पाच कसोटींत मिळून ४६०. एवढ्या कामगिरीनंतर स्थान पक्के झाले असेल, असेच कोणीही म्हणेल. परंतु २०१९ मध्ये निधन पावलेल्या या फलंदाजाला त्या दौऱ्यानंतर एकही कसोटी सामना मिळाला नाही. धाकट्या अरविंदांना १९५९ मध्ये लीड्स येथे संधी आली, तीही एकाच कसोटीपुरती.