समूहाचा सूर : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील हौशी भजनी मंडळे आणि टाळकऱ्यांचे स्थान

प्रस्तावना

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांच्या सांगीतिक जीवनाविषयी लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांच्याकडे जाते. तेथील मैफली व दिवाळी पहाटेचे कार्यक्रम यांची दखल वर्तमानपत्रे घेतात, म्हणून त्यांचा इतिहास लिहिणेही तुलनेने सोपे असते. याच शहरांच्या पोटात सामावलेल्या गावठाणांत मात्र एकादशीच्या किंवा गुरुवारच्या रात्री देवळात दहा-पंधरा माणसे टाळ घेऊन बसतात. त्या गायनाला तिकीट नसते, परीक्षक नसतो आणि पुष्कळदा गाणाऱ्यांखेरीज दुसरा श्रोताही नसतो. दिवसभर रिक्षा चालवणारा, कारखान्यात पाळी करणारा, महापालिकेत कारकुनी करणारा असे सर्व तेथे एका ओळीत बसलेले असतात. हौशी समूहगायनाची या परिसरातील सर्वांत जुनी व सर्वांत दाट परंपरा हीच होय.

या मंडळांविषयी जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा बुवांविषयी असते. प्रस्तुत लेखात बुवांच्या मागे बसून ध्रुवपद उचलणाऱ्या टाळकऱ्यांचा विचार करावयाचा आहे. मंडळ टिकते ते त्यांच्यावर, आणि गेल्या काही दशकांतील बदलांचा भार सर्वाधिक पडला आहे तोही त्यांच्यावरच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अभंगाचा छंद आणि मंडळाची वही

संगीताचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या माणसांना शेकडो रचना कशा येतात, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्यास पडतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी अभंगाच्या घडणीत आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा व चौथ्यात चार अक्षरे असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक साधलेले असते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात. येथे मोजणी अक्षरांची आहे, मात्रांची नाही. ऱ्हस्व-दीर्घ उच्चार गाताना लवचीक होतात. परिणामी एका मोठ्या अभंगाला बसलेली चाल त्याच मापाच्या दुसऱ्या कोणत्याही अभंगाला बसू शकते. ज्या मंडळाला वीस चाली पक्क्या येतात, त्याच्यापुढे संतांची सगळी गाथा उघडी होते. तालाचेही तसेच आहे. आठ मात्रांचा भजनी ठेका व धुमाळी हाताला बसली की सर्वसाधारण भजन निभावते.

गायनाची रीत अशी असते : बुवा चरण म्हणतात, टाळकरी तो झेलून परत म्हणतात, आणि प्रत्येक कडव्यानंतर सर्वजण ध्रुवपदावर येतात. अखेरच्या आवर्तनांत लय दुगणीत जाते, पखवाज मोकळा होतो व टाळांचा नाद चढतो. या झेलण्यामुळे बुवांना श्वास घ्यावयास व पुढचे कडवे आठवावयास अवधी मिळतो, हा त्याचा उघड उपयोग. त्याहून महत्त्वाचा उपयोग नव्या माणसाला होतो. तो प्रत्येक ओळ दोनदा ऐकतो व दुसऱ्यांदा स्वतः म्हणतो. अक्षरओळख नसलेल्या पिढ्यांना गाथा मुखोद्गत झाली ती याच मार्गाने. आळंदी येथे विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, त्यानंतर पखवाज व गायन शास्त्रशुद्ध शिकून गावी परतणारे तरुण मंडळांना मिळू लागले. तरीही बहुसंख्य टाळकरी आजही मागच्या ओळीत बसूनच शिकतात.

युरोपातील गायकवृंदात स्त्री-पुरुषांचे आवाज उंची-खोलीनुसार विभागून प्रत्येक विभागाला वेगळी स्वरावली देतात. वेल्सच्या कोळसाखाणींतील मजुरांचे पुरुषगायकवृंद याच पद्धतीने गात व त्याकरिता प्रसिद्धी पावले. भजनात अशी विभागणी नाही. सर्वांनी एकच चाल एकाच पट्टीत म्हणावयाची असते, आणि ती पट्टी ठरते बुवांच्या गळ्यावरून. बुवा काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाऊ लागले की मागच्या ओळीतील साठीच्या माणसाचा आवाज तारसप्तकात फाटतो; तो मग खालच्या सप्तकात उतरतो किंवा नुसता टाळ धरतो. सुज्ञ बुवा अर्धी पट्टी खाली घेतात. ही लहानशी तडजोड मंडळाच्या स्वभावाची चांगली परीक्षा आहे.

पेटीविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि १९७१ नंतरच ती शिथिल झाली. या तीन दशकांत विद्वानांनी अस्वीकृत ठरवलेले हे वाद्य खेड्यातील देवळांत मात्र निर्वेधपणे वाजत होते.

सप्ताह : गावांची आपसांतील देवघेव

ठाणे-कल्याण पट्ट्यातील आगरी व कोळी गावांचे जीवन भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर उभे होते. भात झोडून घरात आले की मोकळा काळ सुरू होई, आणि अखंड हरिनाम सप्ताह प्रामुख्याने याच काळात, मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत, बसत. जमिनी गेल्या, शेती सरली, तरी सप्ताहांचे वेळापत्रक पुष्कळ ठिकाणी भाताचेच राहिले आहे.

सप्ताहाचा क्रम ठरलेला आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, सायंकाळी प्रवचन व हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर उजाडेपर्यंत हरिजागर. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, म्हणून गावकरी पहारे वाटून घेतात. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन महाप्रसादाने सांगता होते. यांतील कीर्तनाला नामांकित कीर्तनकार बोलावतात व फलकावर छायाचित्र त्यांचेच असते. पण आठवडाभर रात्री जागवणे हे एका गावाच्या आवाक्यातले काम नाही. त्यासाठी शेजारच्या गावांची मंडळे येतात, प्रत्येकीला एक रात्र दिलेली असते. आज भोपरचे मंडळ दुसऱ्या गावी जागराला गेले, तर त्या गावाने भोपरच्या सप्ताहात रात्र जागवावयाची, हा अलिखित करार होय. हौशी मंडळाचा खरा श्रोता दुसरे मंडळच असते. पैशाचा व्यवहार नसतो. नारळ, चहा व जेवण एवढाच सत्कार. परतफेड चुकली तर मात्र ती वर्षानुवर्षे लक्षात ठेवली जाते.

या देवघेवीचे दुसरे क्षेत्र दुःखाचे आहे. घरात मृत्यू झाला की वारकरी कुटुंबात अंत्ययात्रेपुढे टाळ-पखवाज चालतो, पुढे काही रात्री त्या घरी भजन होते आणि दशक्रियेच्या दिवशी प्रवचन ठेवले जाते. मंडळाने वर्षभर केलेल्या सर्व कार्यक्रमांत हा कार्यक्रम सर्वांत कमी ऐकला जातो व सर्वांत अधिक स्मरणात राहतो. ज्याच्या वडिलांच्या वेळी गाव गायला, तो माणूस कंटाळा आला तरी एकादशीला देवळात येऊन बसतो. मंडळाची हजेरीपटावर न येणारी शिस्त येथून आलेली आहे.

कोकणची बारी, सोसायटीतील मंडळ आणि लोकलचा डबा

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून आलेल्या चाकरमान्यांनी मुंबईत व पुढे ठाणे, दिवा, डोंबिवली येथे आपले संगीत भजन आणले. त्याचा प्रकट आविष्कार म्हणजे डबलबारी. दोन बुवा आपापल्या संचासह समोरासमोर बसतात, एकाने बारी केली की दुसऱ्याने तिला उत्तर द्यावयाचे. अभंग, गौळण व गजर यांच्या जोडीला कोपरखळ्या, पुराणांतील कोडी व लोकप्रिय गाण्यांच्या चाली येतात. वारकरी मंडळी या प्रकाराकडे किंचित नाखुशीने पाहतात. ही नाखुशी सर्वस्वी योग्य वाटत नाही, कारण डबलबारीत कोरस सुस्त राहून चालत नाही. बुवाने आयत्या वेळी घेतलेली चाल त्याला तत्काळ उचलावी लागते. मात्र येथे बुवा व्यावसायिक होत गेले. पूर्वी सुपारी म्हणजे आमंत्रणाची खूण होती, रंगमंचाच्या व्यवहारात ती आता ठरलेल्या रकमेचा शब्द बनली आहे.

शहरातील वसाहतींत महिला भजनी मंडळे संख्येने मोठी आहेत. त्यांची वेळ दुपारची, निमित्त चातुर्मास, अधिक महिना, नवरात्र किंवा शेजारच्या घरची पूजा. बुवांची जागा येथे पुष्कळदा फिरती असते, प्रत्येकीने एक अभंग सांगावयाचा व इतरांनी धरावयाचा. टाळकरी व बुवा हा भेद सर्वांत क्षीण झाला आहे तो या मंडळांत.

लोकलगाडीतील भजनी मंडळे हा या परिसराचा खास विशेष. ठाण्यापर्यंत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला. पुढे कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे सुमारे ५४ किलोमीटरचे अंतर रोज जलद गाडीने तासाभरात कापणाऱ्यांनी त्या तासाचे भजन केले. मंडळाचा पत्ता म्हणजे गाडीची वेळ आणि डबा. उभ्याने टाळ वाजवावयाचा, पेटीला जागा नाही, डब्याचा पत्रा हाच कधी ताल. अन्य प्रवाशांना याचा उपद्रव होतो ही तक्रारही तितकीच खरी आहे, आणि १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १४५ अन्वये गाडीत उपद्रव करणे हा दंडनीय अपराध आहे. थकलेल्या सहप्रवाशाच्या झोपेचा हक्क भक्तीच्या नावाखाली नाकारता येणार नाही. दसऱ्याला डबा सजवून सर्वांना पेढे वाटणारे मंडळ या तक्रारीचे सौम्य उत्तर देत असते, पण ते पूर्ण उत्तर नव्हे.

ध्वनिक्षेपक, स्पर्धा आणि मागची ओळ

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या हद्दीतील २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. हद्दी अशा मागेपुढे होत असताना गावठाणांभोवती इमारती उभ्या राहिल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले आणि सभामंडपांत उत्तम ध्वनियंत्रणा आली. या यंत्रणेचा परिणाम बारकाईने पाहावयास हवा. एक ध्वनिग्राहक बुवांपुढे, एक पेटीला, एक पखवाजाला. टाळकऱ्यांसाठी उरलाच तर एक, आणि त्यात टाळ इतके कर्कश येतात की यंत्रचालक तो उतरवून ठेवतो. बाहेरच्या श्रोत्याला मग एकट्या बुवांचे गायन ऐकू येते. आपला आवाज पोहोचत नाही हे मागच्या ओळीला लवकर कळते. ती टाळ वाजवते, गात नाही.

स्पर्धांनी हीच दिशा वेगळ्या हेतूने धरली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजनस्पर्धांनी गिरणी व कारखान्यांतील अनेक संचांना व्यासपीठ दिले, हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु कोणत्याही स्पर्धेत वेळ मोजलेली व गायकांची संख्या ठरलेली असते. वीस जणांच्या मंडळातून मोजके निवडावयाचे म्हटले की पट्टी न पेलणारा म्हातारा व नवखा मुलगा हे दोघे प्रथम गळतात. पहिल्याजवळ चाली असतात, दुसऱ्याने त्या उचलावयाच्या असतात. सादरीकरण निश्चितच सुबक होते, आणि बक्षीस मिळाले की तोच निवडक संच कायमचा होऊन बसतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई केली. वर्षातून काही मर्यादित दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याला आहे. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही या कक्षेत आली. बंदिस्त जागेतील, आतल्या लोकांपुरता वापर हा अपवाद ठेवला गेला. जागराची परंपरा याने संपेल अशी भीती व्यक्त झाली. प्रत्यक्षात कीर्तन दहाच्या आत आटोपून जागर दारे लावून सभामंडपात चालवता येतो, आणि ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर बुवांना मागच्या ओळीवाचून गत्यंतर राहत नाही. रात्री बाराच्या जागरात टाळकरी जितके मोकळे गातात तितके ते सायंकाळी सात वाजता दिव्यांच्या झगमगाटात गात नाहीत.

नोंदणीची निकड

प्रत्येक मंडळाजवळ एक हस्तलिखित वही असते. तीत अभंग असतात, छापील भजनी मालिकेत न सापडणाऱ्या स्थानिक गौळणी असतात, परंतु चाल नसते. चालीची खूण म्हणून अभंगाच्या वर दुसऱ्या एखाद्या पदाचे दोन शब्द किंवा ज्याने ती आणली त्याचे नाव एवढेच लिहिलेले असते. ते पद म्हणणारा माणूस मागच्या ओळीत बसलेला असेपर्यंतच ती खूण वाचता येते. त्याच्या पश्चात शब्द उरतात व चाल जाते.

परिसरातील महाविद्यालयांना हे काम सहज हाती घेता येईल. मराठी व इतिहास विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, त्या विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गावांपासून, वह्यांच्या प्रती व ध्वनिमुद्रणे करावीत. मुद्रणाबरोबर गाव, तिथी, निमित्त, पट्टी, ताल व चालीचे स्थानिक नाव नोंदवावे, आणि मंडळाची तशी इच्छा असेल तरच मुद्रण खुले करावे. घरच्या दुःखाच्या प्रसंगी यंत्र सुरू करू नये. ध्वनिग्राहक बुवांपुढे न ठेवता मागच्या ओळीच्या मधोमध ठेवावा. टाळ थोडे अधिक वाजतील, पण ध्रुवपद कोण उचलतो ते ऐकू येईल.