मोरपंखीचे सदाहरित कुंपण : लागवड व छाटणी

घराभोवतीच्या बागेस रस्त्यापासून व शेजारापासून बाराही महिने आडोसा हवा असेल, तर मोरपंखीचे कुंपण उपयुक्त ठरते. हे झाड सूचिपर्णी वर्गातील असून मूळचे चीन व कोरियाकडील आहे. याची पाने मात्र सुईसारखी नसून खवल्यांसारखी असतात. लिनियसने १७५३ साली त्यास थुजा ओरिएंटॅलिस असे नाव दिले. आता ते प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस या नावाने ओळखले जाते. मोरपंखीस काटे नसल्याने जनावरे अडविण्यासाठी बाहेरून तारेचे कुंपण घालणे आवश्यक असते.

मेंदी किंवा कोयनेल यांचे कुंपण वाढून बेढब झाले, तर ते बुडख्यापर्यंत छाटतात व पावसाळ्यात त्यास पुन्हा फूट येते. अशा झाडांच्या जुन्या सालीखाली सुप्त डोळे असतात. मोरपंखीच्या पाने गळलेल्या जुन्या लाकडावर नवी फूट सहसा येत नाही. त्यामुळे मेंदीप्रमाणे मोरपंखी छाटल्यास कुंपणास जी भगदाडे पडतात ती भरून येत नाहीत आणि अनेक वर्षांची मेहनत एका दिवसात वाया जाते. यास्तव या कुंपणाची छाटणी लहानपणापासून, थोडी थोडी व नियमित करावी.

रोपांची निवड : रोपवाटिकांतून मिळणारी ठेंगणी, सोनेरी व गोल मोरपंखी कुंडीस शोभते, परंतु तिचा आडोसा होत नाही. उंच वाढणाऱ्या जातीचीच रोपे घ्यावीत. ती ४५ ते ६० सेंटीमीटर उंचीची व बुडापासून हिरवी असावीत.

जमीन व लागवड : निचऱ्याची जमीन व भरपूर ऊन ही या झाडाची मुख्य गरज आहे. पाणी साचल्यास मुळे कुजतात. म्हणून भारी काळ्या जमिनीत उंच वरंबा करून त्यावर रोपे लावावीत. हद्दीपासून सुमारे एक मीटर आत, ६० सेंटीमीटर रुंद व तितकाच खोल चर उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. त्यात पोयटा माती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. पावसास सुरुवात झाल्यावर ६० ते ७५ सेंटीमीटर अंतरावर रोपे लावावीत. पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे व बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. मात्र ते खोडास चिकटू देऊ नये.

छाटणी : पहिल्या वर्षी बाजूच्या फांद्यांची केवळ टोके खुडावीत, शेंडा कापू नये. त्यानंतर पावसाळ्याच्या आरंभी व पुन्हा पावसाळा संपल्यावर हलकी छाटणी करावी. कात्री नेहमी हिरव्या भागातच चालवावी. आतील तपकिरी, पानरहित भाग उघडा पडू लागताच थांबावे. भर उन्हाळ्यात छाटणी करू नये, कारण सावलीतील कोवळी पाने एकदम उघडी पडून करपतात.

कुंपणाचा पाया रुंद व माथा अरुंद ठेवावा. माथा रुंद झाला म्हणजे खालच्या फांद्यांस ऊन मिळत नाही, त्यांची पाने गळतात आणि नेमका डोळ्यांसमोरचा आडोसा विरळ होतो. इच्छित उंचीस सुमारे १५ सेंटीमीटर कमी असतानाच शेंडा कापावा. वरील नव्या फुटीने उरलेली उंची भरून निघते. दोन खुंटांमध्ये दोरी ताणून छाटल्यास रेषा सरळ येते.

इतर काळजी : उष्ण व कोरड्या दिवसांत लाल कोळीचा उपद्रव होऊन पाने फिकी पडतात. अशा वेळी झाडांवर आतपर्यंत जोराने पाणी फवारल्यास हा उपद्रव आटोक्यात राहण्यास मदत होते. एखादे झाड मेल्यास ते मुळासकट काढावे, शेजारच्या झाडांची त्या खड्ड्यात आलेली मुळे तोडावीत व नवी माती भरून पावसाळ्यात दुसरे रोप लावावे.

मोरपंखीची वाढ सावकाश होते, म्हणून आरंभी धीर धरावा लागतो. परंतु दरवर्षी दोन वेळा कात्री फिरविण्याचा नेम ज्याने पाळला, त्याच्या बागेस दीर्घकाळ टिकणारी हिरवी भिंत लाभते.