गुरुजींशिवाय विमान

१ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी गावात शिर्डीचे विमानतळ सुरू झाले. तेव्हापासून आमच्या वस्तीवर विमानाचा आवाज आला तरी कोणी मान वर करीत नाही. पण माझ्या मामेभावाचे थर्मोकोलचे विमान उडाले की म्हातारी माणसेसुद्धा बाजेवरून उठून येतात! ते रिमोटवर चालते. शिकवणारे कोणी ओळखीचे नव्हते. दादा आपला आपणच शिकला.

आधी तोल बघायचा. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचे. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर ते आडवे राहिले पाहिजे. शेपूट खाली गेले तर बॅटरी पुढे सरकवायची. शेपूट जड असलेले विमान हवेत कोणाचेच ऐकत नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. विमान लांब जाताना दांडी उजवीकडे म्हंजे वळण उजवीकडे. पण तेच आपल्याकडे तोंड करून यायला लागले की सगळे उलटे! समोर उभ्या गुरुजींचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो ना, तसेच. दादाची दोन विमाने इथेच मोडली. कांद्याचे पैसे त्यात गेले म्हणून मामीने तिसरे आणूच दिले नाही. मग त्याने दोन मोडक्यांचे जोडून एक केले. ते उडवण्याआधी महिनाभर कॉम्प्युटरवरच्या खोट्या विमानावर हात बसवला.

त्यात त्याला एक युक्ती सापडली. विमान समोरून येताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी ढकलायची. जणू पंखाला टेकूच द्यायचा! विमान सरळ होते.

सोडताना अन् उतरवताना तोंड वाऱ्याकडे हवे. वळणे उंचावर शिकायची, म्हंजे सावरायला वेळ मिळतो. पुढचा पंखा फिरत असताना बोट जवळ न्यायचे नाही. बोट कापते.

राइट बंधूंना तरी कोण शिकवणार होते? त्यांनी बिनइंजिनाच्या ग्लायडरवर शेकडो वेळा सराव केला. १७ डिसेंबर १९०३ चे त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे अन् १२० फुटांचे. जेमतेम आपल्या पटांगणाएवढे!

पालकांसाठी एक गोष्ट सांगतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय असली विमाने उडवता येत नाहीत. आमचे शेत त्याहून लांब आहे. बाजरी निघाली की दादा तिथेच उडवतो. हल्ली मामीपण बांधावर येऊन बसते.