भेंडीच्या ठशाचे नाताळ-कार्ड

डिसेंबर म्हणजे आमच्या घरी पाय टेकायला उसंत नाही. ६ तारखेसाठी गावाकडून आलेली मंडळी परत जातात न जातात तोच लग्नपत्रिका येऊन पडतात, त्यात कार्यालयातली कामे तुंबलेली. अशात गेल्या वर्षी मुलीने फर्मान काढले, "आंटींना नाताळचे कार्ड आपण हातानेच करायचे." आम्ही वैतागलो. विकत मिळत असताना ही उठाठेव कशाला?

आंटी म्हणजे आमच्या जुन्या चाळीतल्या शेजारीण. आम्ही दोघेही नोकरीला, तेव्हा शाळा सुटल्यावर मुलगी त्यांच्याच दारात बसायची, त्यांच्याच ताटात जेवायची. नाताळला त्यांच्याकडून कुलकुल आणि नेवऱ्या, वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडून खीर. चाळ पाडायला निघाली आणि त्या नालासोपाऱ्याला गेल्या. "येतो, येतो" म्हणता दोन वर्षे निघून गेली.

गंमत अशी, की छापील नाताळ-कार्डाचा जन्मच सवड नसण्यातून झालेला आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला साचलेल्या पत्रांची उत्तरे लिहायला वेळ होईना. त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले आणि कार्डच छापले. मधोमध मद्याचे पेले उंचावणारे कुटुंब, दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसे. किंमत मात्र एक शिलिंग, म्हणजे मजुराने लांबूनच बघावे अशी. १८७० साली ब्रिटनमध्ये अर्ध्या पेनीत कार्ड टपालाने जाऊ लागले, तेव्हा कुठे ही चाल साध्या घरांत शिरली.

आम्हांला दुसरी हकीकत अधिक जवळची वाटते. महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातील यित्का साम्कोव्हा या सात वर्षांच्या मुलीने युनिसेफच्या मदतीबद्दल आभाराचे चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून काचेवर काढले! १९४९ साली युनिसेफचे पहिले शुभेच्छा-कार्ड त्याच चित्राचे निघाले. हे मुलीने वाचून दाखवल्यावर आमची कुरकुर थांबली.

आमच्याकडे कागद तरी होता. बावीस इंच बाय अठ्ठावीस इंचाच्या एका कार्डशीटचे आठ तुकडे होतात, प्रत्येक अकरा बाय सातचा. मधे दुमडला की कार्ड तयार. जाड कागद नुसता दुमडू नये, कडेला फाटल्यासारखा दिसतो. आधी पट्टी लावून चमच्याच्या दांड्याने रेघ दाबून घ्यावी. सोनेरी पट्ट्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका कामाला आल्या. कापाकापी एका रात्री झाली. चांदण्यांचे काम दुसऱ्या दिवशी पहाटे, डबा करता करताच उरकले. भेंडी आडवी कापली की पाच कोनांची चांदणी आयतीच मिळते. मात्र तिचा चिकट रस फडक्याने टिपून घ्यावा, नाहीतर रंग घसरतो. आमची पहिली दोन कार्डे अशीच वाया गेली. रंग घट्ट ठेवावा आणि भेंडी रंगात न बुडवता कापडाच्या बोळ्याने रंग तिला लावावा. आमच्या सहचारिणी ओट्यापाशी भाजी चिरत होत्या, मुलगी ठसे उठवत होती. भाजी थोडी कमी पडली, ते सोडा.

खरी अडचण आतल्या मजकुराची. "तो तुम्ही लिहा," मुलगी म्हणाली. वीस वर्षे आम्ही "उपरोक्त विषयास अनुसरून" लिहीत आलो. पण आंटींना दोन ओळी लिहायला तीन कागद फाडले. शेवटी लिहिले, "आंटी, मुलगी बारावीला गेली. तुमची फार आठवण काढते. आम्ही यायला उशीर केला."

पाकिटावर नाव घातले आणि पेन थांबले. इतक्या वर्षांचा शेजार, आणि पत्ता कोणालाच ठाऊक नाही. फोनचा नंबरही बदललेला. जुन्या चाळीतल्या तिघांना विचारल्यावर इमारतीचे नाव कळले. मग टपालाच्या भरवशावर न राहता रविवारी मुलीला घेऊन विरार लोकल पकडली.

आंटी वाळल्या आहेत. चष्मा शोधून त्यांनी मजकूर वाचला, काही बोलल्या नाहीत. नंतर त्या ठशावर बोट फिरवीत मुलीला विचारले, "ही भेंडी काय गं? अजून खात नाहीस ना?"